खाऱ्या पाण्याचं विरजण

माझ्या चुलत भावाच्या घरी क्लाउन माशांनी अंडी घातली, ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आनंद वगैरे झाला असं सांगायला हवं, पण झाला नव्हता. जळफळाट झाला होता.

शहापूरला माझ्या घरात समोरच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी आहे, आणि तिच्यात समुद्र आहे. गाळलेल्या पाण्यात खास मीठ कालवून केलेला, पण समुद्रच. त्यात जिवंत पोवळी आहेत, दिवसा फुलतात आणि दिवा मालवला की मिटतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही, गावागावाला तलाव आणि शेताशेताला बोडी म्हणजे छोटं तळं, पण सगळं गोडं. समुद्र पाहायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडून जावं लागतं. त्यामुळे माझी टाकी पाहायला लोक येतात. मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो, म्हणून गावात तिला 'सरांचा समुद्र' म्हणतात. मला ते फार आवडतं. कोणी नुसतं 'टाकी' म्हटलं तर मी दुरुस्त करतो.

माझी एकच इच्छा होती. समुद्रातले मासे पाळणारे नागपुरात पुष्कळ आहेत, पण आपल्या घरात त्यांची पिल्लं जन्माला घालून वाढवणारा आमच्या भागात माझ्या माहितीत कोणी नव्हता. तो मान मला हवा होता. त्यासाठी मी केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची जोडी आणली. अंडी घालायला म्हणून बाहेरून मागवलेला महागडा चिनीमातीचा शंकू ठेवला. रोज पाणी तपासलं, वही ठेवली. तीन वर्षं त्या जोडीनं एकमेकांचे पंख कुरतडण्यापलीकडे काही केलं नाही.

धाकटा चुलत भाऊ आसगावला असतो. धानाची शेती, शेताला लागून बोडी, बोडीत दरवर्षी रोहू-कतला माशांचं बीज सोडायचं हे आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. मी शिकून नोकरीला लागलो, तो तिथंच राहिला. माझी टाकी पाहून त्यालाही वेड लागलं. मला बरं वाटलं, शिष्य मिळाला म्हणून. माझी जुनी दोन फुटांची टाकी त्याला दिली. आणि पोळ्याला आला तेव्हा ती भांडखोर जोडीही देऊन टाकली, वर चार लोकांसमोर म्हणालो, "घेऊन जा, माझ्याकडे जागा होते."

पुढच्या आषाढात, धानाचा रोवणा आटोपायच्या सुमारास, त्याचा फोन आला.

"दादा, अंडे देल्ले! कवेलूवर!"

त्यानं टाकीत शंकू वगैरे काही ठेवलं नव्हतं. गोठ्याच्या छपरावरचं एक फुटकं कवेलू, म्हणजे कौल, धुऊन आडवं टाकलं होतं, आणि माझ्याकडे तीन वर्षं रुसून बसलेल्या बाईंनी त्यावर अंडी घातली. मी तिसऱ्या दिवशी पाहायला गेलो. धानाच्या पोत्यांशेजारी टाकी. तपासणीची एक बाटली नाही. तो पाण्यात बोट घालून जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "पानी जड झालं, थोडं बदला लागते." मी माझं खारटपणा मोजायचं यंत्र लावून पाहिलं. पाणी खरंच जड झालं होतं. तेव्हा मला इतका राग आला की मी यंत्र पुन्हा धुऊन दुसऱ्यांदा लावलं.

कवेलूवर केशरी ठिपक्यांचा गालिचा होता आणि नर त्याच्यावर पंखांनी वारा घालत होता. भावजय म्हणाली, "भावजी, तुमच्या हातचे मासे, म्हनून झालं." मी हसलो. मनात म्हटलं, माझ्या हातात होते तेव्हा काय झालं होतं?

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं समजणार नाही. अंडी घालणं सोपं, खरी कसोटी पुढे असते. आठ-नऊ दिवसांनी अंड्यात डोळे चमकायला लागतात, आणि त्या दिवशी अंधार पडला की अळ्या बाहेर येतात. त्या इतक्या बारीक असतात की त्यांच्या तोंडात फक्त रोटिफर मावतं. रोटिफर म्हणजे हिरव्या खाऱ्या पाण्यात वाढणारे जीव, बाटली उजेडात धरली तर धुळीसारखे हलताना दिसतात. उजाडताच ते मिळालं पाहिजे, कारण अळ्या अंधारात खात नाहीत. हे रोटिफर मी वर्षभर गच्चीवरच्या खोलीत जपून ठेवलं होतं, कधी तरी माझ्याकडे अंडी होतील या आशेवर. थोडं दुसऱ्या हिरव्या पाण्यात टाकलं की आठवड्यात सगळं भरून जातं. म्हणून घरात आम्ही त्याला विरजणच म्हणायचो.

भावाला हे सगळं माहीत होतं. पण त्याचा हिशेब वेगळा होता. फोनवर म्हणाला, "दादा, बोडीचं हिरवं पानी हाये ना. कतल्याचे जिरे, बारीक पिल्ले, त्याच्यावरच मोठे होतेत. तेच टाकतो."

बोडीतले जीव गोड्या पाण्यातले, खाऱ्यात पडले की तासाभरात मरतात. हे सातवीतल्या मुलानंही सांगितलं असतं. मी विज्ञानाचा शिक्षक म्हणालो, "पाहा करून."

अंड्यांत डोळे चमकले त्या दिवशी त्यानं एका तांब्यात पाहिलं करून. सगळे जीव तळाला बसले. मग मोटारसायकल काढून पावणेदोन तासांचा रस्ता तुडवत तो शहापूरला आला. दारात उभा राहिला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती आणि हातात दोन रिकाम्या बाटल्या होत्या. आईनं नुकताच तुळशीजवळ दिवा लावला होता. शेजारची बाई वाटी घेऊन विरजण मागायला आली होती आणि आई तिला सांगत होती, "दिवे लागले बाई, आता नाही देत. सकाळी नेजो."

आमच्याकडे दिवे लागल्यावर घरातून मीठ देत नाहीत, विरजण देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. मी वर्गात असल्या गोष्टींची टिंगल करतो.

"दादा, विरजन पायजे होतं," भाऊ म्हणाला. "आज रातीच निंगतेत पिल्ले."

वर खोलीत माझे सहा डबे काठोकाठ भरलेले होते. दोन बाटल्या दिल्या असत्या तर आठवड्यात भरून आल्या असत्या. पण मला डोळ्यांपुढे दिसलं ते असं की आसगावला धानाच्या पोत्यांशेजारी पिल्लं पोहतायत, नागपूरचे लोक गाड्या करून पाहायला येतायत, आणि माझी टाकी नुसती टाकी झाली आहे.

"दिवे लागले रे," मी म्हणालो.

तो बाटल्यांकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता हसेल, म्हणेल, तुम्ही कधीपासून मानायला लागले? मग मीही हसून वर गेलो असतो, खरंच गेलो असतो. पण तो म्हणाला, "हो ना. अन् याच्यात त मीठबी हाये अन् विरजनबी. माह्या ध्यानातच नाही आलं." मग चहा पिऊन, आईच्या पाया पडून तो रिकाम्या बाटल्यांसह परत गेला.

सकाळी पाचला त्याचा फोन आला, "निंगतो." मी सांगितलं की आज मला शाळेच्या कामानं भंडाऱ्याला जायचं आहे, चारला ये. काम होतं, पण खोलीची किल्ली आईजवळ ठेवता आली असती. तो चारला आला, बाटल्या भरून घेऊन गेला. घरी पोचला तेव्हा उजेड सरत आला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन केला. सगळ्या अळ्या तळाला पांढऱ्या पडल्या होत्या.

"माहीच चूक, दादा," तो म्हणाला. "दिवे लागाच्या आंधी याले पायजे होतो."

मी म्हणालो, पहिल्या खेपेला असं होतं. आवाज अगदी नीट निघाला. फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. लाज त्यानंतर वाटली, आणि ती आजवर पुरली आहे.

ती जोडी दर पंधरा-वीस दिवसांनी अंडी घालत राहिली. माझ्याच विरजणावर त्यानं स्वतःचं रोटिफर वाढवलं, एका रांगेत पाच पारदर्शक डबे, आणि थंडीच्या तोंडाशी त्याच्याकडे तेवीस पिल्लं नखाएवढी झाली. नागपूरचे लोक खरंच गाड्या करून आले. मला फोन यायचे, 'सर, तुमच्या भावाचा नंबर द्या.' मी एकदा एक आकडा चुकवून दिला.

मळणी झाल्यावर एका रविवारी मी आसगावला गेलो होतो. पिल्लं पाहून झाली, कौतुक करून झालं, तोंड दुखलं. भावजयीनं अंगणात दिवा लावला आणि तेवढ्यात एक माणूस मोटारसायकलवरून उतरला. आंधळगावला औषधाचं दुकान असलेला, पन्नाशीचा. वाटेत चाक पंक्चर झालं म्हणून उशीर झाला म्हणाला. त्याच्याकडे क्लाउनची अंडी होती, आज रात्री फुटणार होती, आणि त्याचं स्वतःचं रोटिफर कालच मेलं होतं. हातात एक बाटली.

भाऊ खाटेवरून उठला, त्याला बसायला जागा दिली आणि म्हणाला, "भाऊ, दिवे लागले. आता देत नाही. रातभर थांबा अथीसाच, सकाळी भरून देतो."

"सकाळी घेऊन काय करू?" तो माणूस म्हणाला. "तीन घंट्याचा रस्ता, मी घरी पोचीन दुपारी. मरतीन न सारे."

"मले मालूम हाये. माहेबी असेच मेले. पन दिवे लागल्यावर देल्लं त लाभत नाही, तुमाले नाही अन् मलेबी नाही." हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर कुठंही लबाडी नव्हती. मी शोधली. त्याला त्या माणसाचं खरंच वाईट वाटत होतं. मग तो माझ्याकडे वळला. "सांगा ना दादा याइले. तुम्ही त सायन्सचे मास्तर. तुम्हीच त सांगतलं होतं मले."

आंधळगावचा माणूस माझ्याकडे पाहायला लागला. त्याची बाटली मांडीवर होती, झाकण उघडलेलं.

"दे त्याले," मी म्हणालो.

"काहून? दिवे लागले ना."

"तसं काही नसते. दे."

भाऊ हसला, मी गंमत करतोय असं वाटून. मग हसू थांबलं. "मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मले देववलं नाही," मी म्हणालो. "तुह्या घरी अंडे झाले अन् माह्या घरी नाही, म्हनून देववलं नाही. वर सहा डबे भरून होते."

भाऊ पुढे झाला. त्या माणसाच्या हातातून बाटली घेऊन आत गेला. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ. काठोकाठ भरलेली बाटली आणि वर स्वतःची एक जास्तीची बाटली त्यानं त्या माणसाच्या पिशवीत नीट उभी ठेवली, हलू नये म्हणून मध्ये फडकं कोंबलं. मग भावजयीला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

"किती?" भावजयीनं आतून विचारलं.

"दोन," तो म्हणाला. आम्ही तिघं होतो.