मंजूर झालेलं तेल

रविवारी सकाळी सहा पन्नासला, दिल्लीहून पानिपतकडे जाणाऱ्या हायवेवर, अलीपूरच्या अलीकडे श्रीधर लेले यांच्या मोटरसायकलचं इंजिन चालत्या गाडीत सीज झालं, म्हणजे आतून जाम झालं. लेले एकाहत्तर वर्षांचे आहेत. मागचं चाक लॉक झालं. गाडी पडली नाही, कारण लेल्यांनी क्लच वेळेत दाबला. रस्त्यावर टायरचा काळा पट्टा उमटला. बरोबरच्या सलीम शेख यांनी तो पावलांनी मोजला. पाच पावलं.

सात वाजून पाच मिनिटांनी मला फोन आला.

"मॅडम, लेल्यांची गाडी गेली," शेख म्हणाले.

"आणि लेले?"

"ते आहेत. गाडीला शिव्या देतायत, म्हणजे प्रकृती उत्तम."

मागून त्यांच्यातल्या तिसऱ्याचा, बर्व्यांचा आवाज आला. "त्यांना सांगा, काल सर्व बाबींची पूर्तता झालेली आहे. रेकॉर्डवर आहे."

"किक खाली जातेय का?" मी विचारलं.

"लेले दोन्ही पायांनी किकवर उभे आहेत. पुतळा झालाय."

"त्यांना उतरवा. आता कोणी काहीही करू नका."

"ते जमेल," शेख म्हणाले. "आम्ही तिघंही सरकारी नोकरीत होतो."

मी एका मोटरसायकल कंपनीच्या वॉरंटी विभागात एकोणतीस वर्षं काम केलं. गुडगावच्या ऑफिसात बंद पडलेली इंजिनं यायची. ग्राहक म्हणायचा, इंजिन आपोआप बिघडलं. डीलर म्हणायचा, ग्राहकाने बिघडवलं. इंजिन उघडून यातलं खोटं कोण बोलतंय हे लिहून देणं हे माझं काम. बहुतेक वेळा दोघंही बोलत असत. निवृत्तीनंतर मी मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत या तिघांना फुकट सल्ला देते. कंपनीत सल्ल्याचा पगार मिळायचा, पण सल्ला ऐकला जात नसे. आता पगारही नाही.

तिघांची ओळख थोडक्यात. लेले एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. त्यांच्याकडे साडेतीनशे सीसीची, फक्त किकवर चालू होणारी, चौदा वर्षं जुनी गाडी आहे. बर्वे अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे त्याच कंपनीची नवी गाडी आहे, बटणावर चालू होणारी. ती ते फार चालवत नाहीत, पण पुसतात रोज. शेख मूळ सोलापूरचे, सर्व्हे खात्यात होते. त्यांच्याकडे शंभर सीसीची साधी गाडी आहे. बाकीचे दोघे तिला दूधवाल्याची गाडी म्हणतात. तिन्हींपैकी आजवर एकदाही बंद न पडलेली गाडी तीच.

दर वर्षी थंडी सुरू झाली की एका रविवारी हे तिघे पानिपतला काला अंबला जातात. लढाईच्या स्मारकापाशी दहा मिनिटं उभे राहतात, मराठे का हरले यावर गेल्या वर्षीचाच वाद घालतात, पराठे खातात आणि परत येतात. या वर्षी त्यात एक अडचण होती. येत्या शुक्रवारी लेल्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. सांधा बदलायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर किक मारायची नाही. कधीच. किक उजव्या पायाने मारतात. म्हणजे लेल्यांसाठी आपल्या गाडीवरून काला अंबला जायचा हा शेवटचा रविवार होता.

"बटणाची घे," बर्वे गेले सहा महिने सांगत होते.

"बटण दाबून पंखा लावतात," लेले म्हणायचे.

"नाहीतर स्कूटर घ्या," शेख म्हणायचे. "वहिनी चालवतील, तुम्ही मागे भाजीची पिशवी धरा."

शेवटचा रविवार म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची पूर्ण सर्व्हिस झाली. तिथे मीही होते.

ही सर्व्हिस कशी चालते हे सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी बर्व्यांनी एक रजिस्टर सुरू केलं. चेन, ब्रेक, क्लचची तार, टायरची हवा, इंजिन ऑइल अशा सत्तावीस बाबी. प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने: प्रस्ताव, अभिप्राय, मंजुरी. तिन्ही सह्या झाल्या की बर्वे हिरव्या शाईने बरोबरची खूण करतात आणि पुढची बाब घेतात. चेनला ग्रीस लावायला लागतात चार मिनिटं. रजिस्टरला लागतात अकरा.

शनिवारी दहाच्या सुमाराला लेल्यांनी मुढ्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलावर बसून, हात इंजिनाखाली घालून, हाताला लागला तो बोल्ट उघडला आणि जुनं ऑइल टबात सोडलं. ते निथळायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात लेले वहिनींनी चहा आणि पोहे पाठवले आणि नवं ऑइल कोणतं घालायचं यावर चर्चा सुरू झाली.

इंजिन ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला ऑइल थंडीत किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावर किती घट्ट राहतं ते. शेख म्हणाले, वीस-पन्नास घाला, जुन्या गाडीला घट्टच बरं. बर्वे म्हणाले, मॅन्युअलमध्ये पंधरा-पन्नास लिहिलंय.

"मॅन्युअल गाडी नवी असतानाचं आहे," शेख म्हणाले. "तुमच्या लग्नातला फोटो बघून आज शर्ट शिवतात का?"

"माझं माप तेच आहे."

"शर्टाला माहीत आहे ते?"

चाळीस मिनिटांनी त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मॅन्युअलप्रमाणे घाला. बर्व्यांनी रजिस्टर पुढे केलं. अभिप्रायाच्या रकान्यात मी सही केली. बर्व्यांनी मंजुरी दिली, हिरवी खूण केली आणि म्हणाले, "चलो, ऑइल झालं. बाब क्रमांक चौदा, आरसे."

मी साडेअकराला घरी गेले.

रविवारी अकराच्या सुमाराला छोटा हाथी, म्हणजे दिल्लीत सगळं सामान ज्यातून जातं तो टेम्पो, लेल्यांची गाडी घेऊन नोएडाला रावतच्या वर्कशॉपमध्ये आला. रावत माझा जुना सहकारी. गाडी उतरवताना लेले तिला हात लावून उभे होते. मी ऑइलचे दोन्ही बोल्ट उघडले. दोन लिटरपेक्षा जास्त निघायला हवं होतं. निघालं ते चहाच्या दोन ग्लासांइतकं, काळं.

गळती कुठेच नव्हती. इंजिन बाहेरून कोरडं होतं.

"मॅडम, इसमें तेल गया ही नहीं," रावत म्हणाला.

दुपारी एक वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लेल्यांच्या जागेमागच्या खांबाला टेकून, ऑइलचे तीन डबे सापडले. पंधरा-पन्नास. मॅन्युअलप्रमाणे. तिन्हींची सीलं शाबूत होती.

संध्याकाळी पाच वाजता तिथेच बैठक झाली. बर्व्यांनी रजिस्टर आणलं होतं.

"रेकॉर्ड अगदी स्पष्ट आहे," ते म्हणाले. "बाब क्रमांक तेरा. पंधरा-पन्नास ऑइल मंजूर."

"मंजूर झालं," मी म्हटलं. "घातलं कोणी?"

बर्व्यांनी पान उलटलं. पुन्हा मागचं उलटलं. "घातल्याचा रकाना नाही."

"दोन वर्षांत एकदाही नव्हता?"

"मंजूर झाल्यावर काम होतंच ना."

"होतं," शेख म्हणाले. "ऑफिसात खाली शिपाई असायचा. इथे सगळेच अधिकारी."

मी त्यांना तीन जणांच्या पस्तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा निष्कर्ष सांगितला नाही. माझी सहीही त्याच पानावर होती. वॉरंटी विभागात मी इंजिन बघितल्याशिवाय कधी सही केली नव्हती. या गाडीला तर इंजिनाच्या उजव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी काच असते. ऑइलची पातळी त्यातून दिसते. फक्त ती बघायला उकिडवं बसावं लागतं. शनिवारी तिथे आठ गुडघे होते, त्यांतला एकही वाकला नाही. त्यांत दोन माझे.

लेले माझ्याकडे वळले. "शुक्रवारच्या आत होईल का?" त्यांनी विचारलं.

"उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मंजिरी, ऑपरेशन पुढे ढकलता येत नाही. चार महिने थांबून तारीख मिळालीय."

"माहीत आहे."

"माझी बटणाची घेऊन जा," बर्वे म्हणाले. ते कोणालाही गाडी देत नाहीत. पुसायलाही देत नाहीत.

लेले म्हणाले, "नको. थँक यू."

सोमवारी इंजिन उघडलं. सिलिंडर म्हणजे नळी आणि पिस्टन म्हणजे तिच्यात वरखाली धावणारा डबा. दोघांच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो गेला की डबा तापतो, फुगतो आणि नळीला चिकटतो. लेल्यांच्या पिस्टनवर चार उभे ओरखडे होते आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरला पुसलं गेलं होतं. पण त्याखालचा दांडा, कनेक्टिंग रॉड, हाताने हलवून बघितला, त्यात खेळ, म्हणजे ढिलेपणा नव्हता. तो गेला असता तर महिन्याचं काम होतं.

तो वाचला याचं कारणही लिहून ठेवण्यासारखं आहे. या इंजिनाचं ऑइल काढायला दोन बोल्ट उघडावे लागतात. लेल्यांनी हाताला लागला तेवढा एकच उघडला होता. दुसऱ्या बाजूचं ऑइल आत राहिलं आणि त्यावर गाडी अलीपूरपर्यंत गेली. जुनं ऑइल नीट काढलं असतं, तर इंजिन कायमचं गेलं असतं. एका चुकीने मारलं, दुसरीने तारलं. वॉरंटीच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता.

मंगळवारी शेख करोल बागेतून पिस्टन घेऊन आले. दुकानदाराने त्यांना आधी भलत्याच मापाचा दिला होता. शेखांनी खिशातून कॅलिपर काढून तिथेच मोजला. सर्व्हे खात्यातला माणूस. सिलिंडर लेथवाल्याकडे जाऊन जरासा मोठा करून आला. याला बोरिंग म्हणतात. बुधवारी रावतने आणि मी इंजिन बांधलं. बर्वे तिन्ही दिवस वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसले. रजिस्टर आणलं नव्हतं. बुधवारी दुपारी ऑइल घालायची वेळ आली तेव्हा ते उठले, गाडीचा आधार घेऊन हळूहळू उकिडवे बसले आणि काचेला नाक लावलं.

"दिसतंय," ते म्हणाले. "अर्ध्यापर्यंत." मग म्हणाले, "आता मला कोणीतरी उठवा."

रावतने आणि मी त्यांना उठवलं.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता लेल्यांनी किक मारली. चौथ्या किकला गाडी चालू झाली.

"नवा पिस्टन आहे," मी सांगितलं. "पाचशे किलोमीटर जपून चालवायची. चाळीसच्या वर न्यायची नाही. दर अर्ध्या तासाने थांबून इंजिन थंड करायचं. खरं म्हणजे हायवेवर न्यायचीच नाही."

"चाळीसच्या वर मी कधी नेली?"

"लेले, दवाखान्यात उद्या चार वाजता दाखल व्हायचंय."

"म्हणूनच विचारतोय. सकाळी मोकळा आहे."

कंपनीत असते तर मी नाही म्हटलं असतं आणि ते लिहूनही दिलं असतं. मी म्हटलं, मी कार घेऊन मागे येते.

"चला," शेख म्हणाले. "चाळीसच्या स्पीडने पानिपत. तेव्हाच्या फौजा यापेक्षा लवकर पोहोचल्या असतील."

"त्या हरल्या," बर्वे म्हणाले.

"ऑइल मंजूर करून निघाल्या असतील."

गुरुवारी सकाळी पाच पंचेचाळीसला आम्ही निघालो. पुढे लेले, मग शेख, मग बर्वे, शेवटी माझी कार. हायवेवर आम्हाला सगळ्यांनी ओव्हरटेक केलं. त्यात उसाची एक ट्रॉली होती. अलीपूरपाशी लेल्यांनी मान वळवली नाही. चार वेळा थांबलो. प्रत्येक थांब्यावर बर्वे इंजिनाजवळ जाऊन काचेकडे बघत आणि अंगठा वर करत. दुसऱ्या थांब्यापासून त्यांनी उकिडवं बसणं सोडून शेखांच्या मोबाइलने फोटो काढायला सुरुवात केली. नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही काला अंबला पोहोचलो.

लेले हेल्मेट हातात घेऊन स्मारकापाशी दहा मिनिटं उभे राहिले. या वेळी कोणी वाद काढला नाही. मग शेख म्हणाले, "भाऊ, पराठे थंड होतील." अजून कोणी पराठे सांगितलेही नव्हते.

परत निघताना किक कोणी मारली याबद्दल दोन म्हणणी आहेत. लेले म्हणतात, त्यांनी, पहिल्या प्रयत्नात. शेख म्हणतात, त्यांनी, लेले हेल्मेटचा पट्टा बांधत असताना, कारण लेल्यांचा गुडघा तोवर सुजला होता. बर्वे म्हणतात, ते पराठेवाल्याशी बोलत होते. मी कार मागे घेत होते. मला इंजिनाचा आवाज ऐकू आला. तो नीट होता.

दुपारी दीड वाजता गाडी सोसायटीत परतली. काचेत ऑइल अर्ध्याला होतं. चार वाजता लेले दवाखान्यात दाखल झाले. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन झालं.

सोळाव्या दिवशी लेले वॉकर घेऊन पार्किंगमध्ये आले. किक शेखांनी मारली. लेले बाजूला उभे होते. इंजिन चार मिनिटं चालू होतं.