खालाच्या बॅगेतली जागा

बाबांनी ते हत्यार पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आईला वाटलं अडकित्ता आहे. दिसायला तसंच होतं, फक्त मोठं, काळं आणि जड. दोन दांड्या, मध्ये बिजागरी आणि पात्याच्या जागी काडतुसाची पितळी पुंगळी बसेल असा पोकळ साचा. साच्याला उभी चीर गेली होती.

बाबा ओमानमध्ये, बरका गावातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. होड्यांचे शाफ्ट, शेतावरचे पंप, जे येईल ते लेथवर नीट करायचे. वर्कशॉपचा ओमानी मालक, ज्याला सगळे अर्बाब म्हणत, त्याच्या वडिलांकडे आजोबांपासून चालत आलेली, परवान्याची एकनळी बंदूक होती. ईदला गावातले पुरुष ढोलावर गात समोरासमोर उभे राहत, तलवारी हवेत उडवून झेलत, आणि म्हातारा त्या बंदुकीतून नुसत्या आवाजाचे दोन-तीन बार काढत असे. त्या मापाची काडतुसं कुणी बनवत नव्हतं. वर्षानुवर्षं त्याच पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरून शेवटी सगळ्या फाटल्या होत्या. त्यांच्या घरात पुंगळ्यांची एक पेटी होती, जुन्या लष्करी साठ्यातली, पण दुसऱ्या बंदुकीची. त्या पुंगळ्या दाबून या बंदुकीच्या मापात आणायचं काम हा अडकित्ता करायचा. तो तुटला म्हणून अर्बाबने बाबांकडे दिला होता, आणि तो बनवणारी इंग्लंडमधली कंपनी कधीच बंद पडली होती.

बाबांनी नवा साचा करून पाहिला. दोनदा. तुटलेल्या साच्यावरून माप नीट येत नव्हतं. एक पुंगळी आत अशी अडकली की शेवटी कापावी लागली. मग एका शुक्रवारी जेवताना ते म्हणाले, "तुझं इंग्रजी आहे ना. बघ जरा, जगात कुणाकडे तरी असेल."

मी तेव्हा बावीसची होते. पदवी झाली होती, नोकरी लागत नव्हती. मस्कतमधल्या अल हैलच्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये कुणी शेजारी आलं की मी फोन काढून त्यात बघत राहायचे, फोन बंद असला तरी.

शोधता शोधता मी एका फोरमवर पोहोचले. जुन्या बंदुकांची आवड असलेले म्हातारे तिथे एकमेकांशी बोलत. नाव घ्यायचं होतं, मी दोन अक्षरं आणि एक आकडा घेतला. व्यवसायाच्या जागी टर्नर लिहिलं. ते खोटं आहे असं मला वाटलं नाही, मी बाबांसाठीच लिहीत होते. दुसऱ्या दिवसापासून सगळे मला "सर" म्हणू लागले. कॅनडातल्या एकाकडे हत्यार होतं पण माप वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या एकाने गेल्याच वर्षी भंगारात दिलं होतं आणि त्याबद्दल तो दोन परिच्छेद हळहळला होता. एकाने मला चांगलंच फैलावर घेतलं, की इतक्या जुन्या नळीतून बार काढणारा माणूस स्वतःचा नाही तर दुसऱ्याचा डोळा घालवेल. मी त्याला दोन ओळींचं शांत उत्तर दिलं. त्यावर तिसऱ्याच कुणीतरी लिहिलं, की हे गृहस्थ अनुभवी दिसतात. ती ओळ मी बऱ्याचदा वाचली. मला तिथे छान वाटत होतं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि मी बोललेलं ऐकलं जात होतं.

सहा आठवड्यांनी इंग्लंडमधल्या एका निवृत्त शिक्षकाचं पत्र आलं. शाळेत मुलांना धातुकाम शिकवायचे. वारलेल्या भावाच्या गॅरेजमध्ये बिस्किटांच्या डब्यात त्यांना हेच हत्यार मिळालं होतं, याच मापाचं, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. पैसे नकोत म्हणाले. पण परदेशात पोस्टाने पाठवणार नाही, असल्या वस्तूला कागद लागतात. इंग्लंडमध्ये तुमचं कुणी असेल तर त्यांच्याकडे देईन. तुमच्याकडे परवाना असेलच, असंही त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, बंदुकीचा आहे. ते खरं होतं, पण त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर नव्हतं.

इंग्लंडला जाणारं माणूस आमच्याच इमारतीत होतं. तिसऱ्या मजल्यावरची खाला, म्हणजे मावशी, सगळे तिला तेच म्हणत; रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरची. तिच्या नवऱ्याचं सीबला शिलाईचं दुकान होतं आणि सव्वीस वर्षं ती दोघं मस्कतमध्ये होती. लेस्टरला दिलेल्या मुलीचं बाळंतपण करायला ती निघाली होती. बाबा वर गेले, मी त्यांच्या मागे. चहा झाला. बाबा म्हणाले, "येताना एक मशीनचा पार्ट आणाल का? तुमच्या लेकीच्या पत्त्यावर येईल."

"आणीन की, भाऊ. जाताना बॅग भरलेली, येताना रिकामीच. जागा मोप."

तिने काय आहे ते विचारलं नाही. आमच्यात ते विचारतच नसत. चिपळूणहून येणाऱ्याबरोबर कोकम आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या येत, इथून जाणाऱ्याबरोबर खजूर, अत्तर, दुधाची पावडर जाई. ओळखीच्या ओळखीचं माणूस असलं तरी शिवलेली पिशवी तशीच्या तशी बॅगेत ठेवायची. आत काय असं विचारणं म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. सगळे परके या एका गोष्टीवर एकमेकांचे झाले होते.

खाली आल्यावर मी ओमानचे नियम वाचले. आधीच वाचायला हवे होते. शस्त्रं, त्यांचे भाग आणि काडतुसं भरण्याची साधनं आणायला पोलिसांची आधी परवानगी लागते, असं साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. विमानतळावर बॅग उघडली गेली असती तर खालाला हे काय आहे असं विचारलं असतं, आणि तिने खरंच सांगितलं असतं, की मला माहीत नाही, शेजाऱ्याचं आहे. असं सगळेच सांगतात. तिचा व्हिसा, नवऱ्याचं दुकान, सव्वीस वर्षं. मी रात्रभर जागले वगैरे नाही. पण जेवणात लक्ष लागेना.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "लोखंड आहे नुसतं. त्यात ना दारू ना गोळी. आणि अर्बाब आहे ना आपला."

"अर्बाबना माहीत आहे, ते कसं येतंय?"

"ते कशाला विचारतील?"

"मग परवानगी त्यांनाच काढू दे."

"ईद पाच आठवड्यांवर आहे." मग म्हणाले, "म्हातारा दर शुक्रवारी विचारतो. मी इन्शाल्ला म्हणतो. किती वेळा म्हणू?"

बाबांना लोभ नव्हता, हे मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी त्यांचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा अर्बाबने रुग्णवाहिकेची वाट बघितली नव्हती. स्वतःच्या गाडीच्या पांढऱ्या सीटवर बसवून त्यांना नेलं आणि दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिला. बाबांची दोन बोटं वाचली. त्यानंतर त्याने काही मागितलं ते हेच.

मग खालाला निदान सांगा, काय आहे ते, असं मी म्हणाले. पण इतकं हळू, की त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. त्यांनी टीव्हीवरची बातमी ऐकल्यासारखं केलं.

खाला निघायच्या दोन दिवस आधी मी तिच्याकडे एकटी गेले. त्याआधी कधी एकटी गेले नव्हते. ती पलंगावर बॅग उघडून लंगोट, डिंकाचे लाडू आणि बाळाच्या झबल्यांच्या घड्या लावत होती. मी दारातच उभी राहून बोलायला लागले, आणि घाईत अर्धं इंग्रजीत बोलले.

"मराठीत सांग गो," ती म्हणाली. "नायतर हिंदीत. बस आधी."

मी मराठीत सांगितलं. सगळं, एकदाच, तिच्याकडे न बघता. बाबांनी मशीनचा पार्ट म्हटलं तेही. तो शब्द बोलताना मला आपण घरातलं काहीतरी बाहेर फेकून देतोय असं वाटलं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. एक झबलं उलगडून पुन्हा घडी घातलं.

"सव्वीस वर्षं लोकांच्या पिशव्या नेतंय," ती म्हणाली. "एकानं सुके बोंबील दिलेन, औषध म्हणून. माझ्या निकाहची साडी अजून वास मारते." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बापाला सांगितलंस, इकडे येतंय म्हणून?"

"नाही."

"नको सांगूस. मी विसरेन. नातू बघून बाईमाणूस विसरतं, त्यात काय नवल. तुझ्या बापाचं तोंड माझ्यासमोर खाली नको व्हायला."

त्याच संध्याकाळी मी शिक्षकांना लिहिलं की पाठवू नका, आणि का तेही लिहिलं. मी टर्नर नाही, टर्नरची मुलगी आहे, हेही. उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्यांनी लिहिलं होतं की तिसऱ्या पत्रातच त्यांना शंका आली होती, कारण त्यांच्या वयाचा कुठलाही पुरुष इतक्या वेळा आभार मानत नाही. परवाना विचारला तेव्हा सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असंही होतं. त्यात राग नव्हता, वर्गात सांगतात तसं सांगितलं होतं. हत्यार परत डब्यात ठेवलं आहे, कागद झाले तर कळवा. मी फोरमवरचं नाव काढून टाकलं.

खाला महिन्याने परत आली. बाबा वर गेले आणि लगेच खाली आले. "विसरल्या म्हणे," एवढंच बोलले. नंतरच्या शुक्रवारी त्यांनी म्हाताऱ्याला काय सांगितलं मला माहीत नाही. ईदला आम्ही बरकाला गेलो तेव्हा म्हाताऱ्याच्या खांद्याला बंदूक होती आणि ओळीत तो सगळ्यांच्या पुढे होता. बार झाला नाही. ढोल वाजत होता, तलवारी वर जात होत्या, तो नळीवर हात ठेवून गात होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही. अर्बाबने बाबांच्या ताटात स्वतः मटण वाढलं.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "खाला विसरणारी बाई नाही. सव्वीस वर्षांत माझ्या गोळ्यांची एक पट्टी विसरली नाही."

"मी सांगितलं तिला," मी म्हणाले.

  मी ओरडा खायची तयारी करून बसले होते, आणि तो आला नाही ते जास्त जड गेलं. आठवडाभर आमच्यात जेवायला चल, दार लाव, एवढंच बोलणं होतं.

मग खालाचे यजमान रत्नागिरीला सुटीवर निघाले. बाबांनी चिपळूणच्या काकांसाठी पिशवी भरली, आणि मला हाक मारून बरोबर नेलं. नवा विमानतळ तेव्हा बांधून व्हायचा होता. जुन्याकडे जाणाऱ्या अझैबाच्या रस्त्याला उशीर होतो म्हणून खालाचे यजमान घाईत होते, पिशवी द्या म्हणत होते. बाबांनी दिली नाही. त्यांच्या बैठकीच्या खोलीत खाली बसले, चेन उघडली आणि एकेक वस्तू चटईवर ठेवली. अत्तराची बाटली, दुधाची पावडर, बॅटरी, काकूचा स्वेटर.

"अरे भाऊ, कस्टमवाला झालास की काय?" खालाचे यजमान हसत म्हणाले. "ठेव आत. मी कधी विचारलं?"

"तुम्ही नाही विचारलंत," बाबा म्हणाले. पावडरचा डबा उलटा करून त्यांनी त्यांना बूड दाखवलं, मग सगळं पुन्हा आत भरलं. खाला दारात उभी होती. बाबांनी वर बघितलं नाही. चेन मध्ये अडकली, तेव्हा त्यांनी दुसरी बाजू धरायला मला पुढे बोलावलं.