दाराची कडी

केंदुरात कुणाच्याबी घरी हळद दळायची म्हटली की पयलं बोलावणं मुक्ताआक्काला. ती ववी म्हणायला लागली की डीजेवालासुद्धा आपला आवाज बंद करायचा. मी सारिका, तिची शेजारीण. तिच्या भिंतीला माझी भिंत.

तिचा नवरा हौसराव. लेक समृद्धी तीन वर्साची असताना हा बाबा कामाला म्हणून खुटबावला गेला आन् तिथंच अनसाबाईसंग संसार मांडून बसला. आक्कानं ना कोर्ट केलं, ना कुंकू पुसलं. जात्यावर बसून एक ववी तेवढी रचली:

धनी गेला भीमेपार, मागं वळून पाहिलं न्हाई,
दाराची माझ्या बाई, मी कडी लावली न्हाई.

अख्खं गाव ती म्हणतं. लोकांना गाणं वाटतं. आक्का खरंच कडी लावत नव्हती. वीस वर्सं नुसतं दार लोटून झोपली. मी कावायचे, "आगं येडे, चोर शिरंल!" ती म्हणायची, "लेकीच्या हळदीला तरी येतीलच की. माझ्याशेजारी बसावंच लागंल." आमच्यात हळदीच्या जात्याला नवरीचे आईबाप जोडीनं बसत्यात, आन् ववीत दोघांची नावं घेत्यात. त्या दिवसासाठी तिनं एक हिरवं लुगडं घडी न मोडता ठेवलं होतं.

यंदा समृद्धीचं लगीन ठरलं. तळेगाव ढमढेऱ्याचे सोयरे अडून बसले, बाप जिता हाय तर कन्यादान त्यानंच करायचं. हौसरावाचा फोन आला, "येतो. पण अनसा माझ्यासंग बसंल. न्हाईतर येत न्हाई."

लाज कशी वाटली न्हाई मेल्याला! मी म्हटलं, "ठेव फोन." आक्का म्हणाली, "लगीन मोडायला नको गं."

हळदीदिवशी ती हिरवं लुगडं नेसून आली. मनात आस असणारच, ऐन वक्ताला तरी बोलवतील. जात्याला हौसराव बसला, शेजारी अनसाबाई. कुणाच्या तोंडून ववी निघंना. आन् माझं जळलं तोंड, मीच म्हणाले, "आक्का, गा की. ववीबिगर हळद दळत न्हाईत."

तिनं पदर सारखा केला आन् म्हटली:

हौसरावांची लेक लाडाची, अनसाबाई तिची माय...

आवाज जरासुद्धा हालला न्हाई. समृद्धीनं मान खाली घातली, ती वर केलीच न्हाई. मला वाटलं, धरणी फाटावी.

दुसऱ्या दिवशी लगीन लागलं, पोरगी सासरी गेली. दुपारी मी बुंदीचं ताट घेऊन आक्काकडं गेले. दार ढकललं, उघडंना.

"आक्का, मी हाय. काढ की कडी."

आतून आवाज आला, "सारे, त्या ववीतली शेवटची ओळ आता कुणी म्हणू नका गं."