ओल्या बोटाची पारख

सासरी आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांखाली रंगांच्या बाटल्या दडवलेल्या होत्या. माहेरी ड्रॉइंगची परीक्षा दिली होती, हात नुसते शिवशिवायचे. रिसोडला आमचं कापडाचं दुकान खाली आणि घर वर. एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या अन् मी बसलेच. आमच्या जैन घरात कांद्याला बंदी. म्हटलं, ताटात नाही तर नाही, कागदावर कोण अडवतं! शेजारणीकडून पदराआड तीन कांदे आणले, तांब्या-लिंबाशेजारी मांडले. पण सरळसोट नाही काढले हो! नुसते रंगाचे गोळे, एकमेकांत घुसलेले, ब्रशचे जाड फटकारे तसेच दिसू दिले. कांदे गुपचूप परत केले. इतकी खूश होते की चुलीवरचं वरण करपलं.

सासूबाई आल्या. "काय व हे? शाई सांडली काय? अन् वरण जाळलं! उद्या त्या बाटल्या माळ्यावर टाक." संपलं, आता या घरात ब्रश हाती धरणं नाही. मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, चहाला वर आले. "दाखव बरं," म्हणाले आणि कागद घेऊन थेट गॅलरीत. दुकानात साडीही ते अशीच दारात नेऊन दाखवत. "रंग उजेडातच पाहा लागते. पाह्य, हा प्याजी वरून गुलाबी दिसून राह्यला, पन आत हिरवी झाक हाय. अन् हे फटकारे, उभे-आडवे, जसं काई विणलं. लई साजरं!" परीक्षेतही कुणी एवढं पाहिलं नव्हतं. मी पदरात हसू दाबलं. प्याजी म्हणजे कांद्याचा रंग, पण इथे तो खरोखरच कांद्यांचा होता, ते काही मी सांगितलं नाही.

मग दुकानातल्या सवयीनं त्यांनी चहाबरोबरच्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि रंग पक्का आहे का म्हणून कागदावर चोळलं. झालं! बोट जांभळं, आणि चित्राच्या मधोमध पांढरा डाग.

"अरे बाप्पा!" ते बोटाकडे बघतच राहिले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मला मात्र असं हसू फुटलं की डोक्यावरचा पदर घसरला, सासऱ्यांसमोर! कोणी रागावलं नाही. मुलाशीही कधी नरम न बोललेला तो माणूस चोरासारखा उभा होता.

"बाई, म्या सत्यानास केला. पुन्हा काढशील न?" आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "उद्याच बसू दे तिले. वरण तू पाहून घेजो."