डॅम्परला पाजलेलं एरंडेल

माझे सासरे एकदा टोपीपासून जोड्यापर्यंत हिरवेगार झाले होते आणि त्याला कारण मी मोटारसायकलीत घातलेलं एरंडेल होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवत होतो (निदान पगार तरी त्याचाच घेत होतो). एका हौशी डॉक्टरांकडून मी जुनी परदेशी मोटारसायकल घेतली होती. तिच्या हँडलपाशी सायकलच्या पंपासारखी एक नळी आडवी बसवलेली होती. तिचं नाव स्टिअरिंग डॅम्पर. नळीत तेल, तेलात दट्ट्या. खड्ड्यातून जाताना हँडल थरथरू लागलं की ही नळी त्याला आवरून धरणार. आमच्या नळीतलं तेल केव्हाच गळून गेलं होतं. त्यामुळे गाडीनं जरा वेग घेतला की हँडल हुडहुडी भरल्यासारखं कापायचं!

नेमके त्याच आठवड्यात अक्कलकोटकडून माझे सासरे, अप्पा, यायचे होते. माझ्या मेहुणीला, महानंदाला, भवानी पेठेतलं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा सिद्धाराम, घरचा सूत रंगवायचा कारखाना. अप्पांना स्टेशनवरून घेऊन थेट तिथं बोलणी करायला न्यायचं, हे काम थोरला जावई म्हणून माझ्याकडे आलं.

"टांगा करा की हो," माझी बायको गिरिजा म्हणाली.

"घरात परदेशी गाडी असताना टांगा? डॅम्परचं तेल बदललं की काम झालं!"

मी नळी सोडवली, दट्ट्या पुढंमागं करून उरलंसुरलं काळं पाणी बाहेर काढलं आणि विचार करू लागलो. (इथंच थांबायला हवं होतं.) डॉक्टरांनी बजावलं होतं, की आत पातळ तेल घाला. पण विज्ञानाचा शिक्षक असं कुणाचं ऐकतो होय? पातळ तेलानं हँडल थोडं आवरत असेल, तर घट्ट तेलानं जास्त आवरेल! आणि आमच्या घरातलं सगळ्यात घट्ट तेल फडताळात होतं.

संध्याकाळी गिरिजाचा आवाज आला, "अहो, एरंडेलाची बाटली कुटं गेली?"

"गाडीला पाजली."

"गाडीला? का, पोट धरलं होतं तिचं?"

तोवर भर दुपारच्या उन्हात मी गाडी चालवून पाहिली होती. हँडल कसं गप्प! तपासणीला साहेब आल्यावर आमचा वर्ग बसतो तसं. सोलापूरच्या उन्हात एरंडेलही पाण्यासारखं होतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी पडली होती. स्टेशनवर जाताना हँडल जरा जड लागलं. मी मनात म्हटलं, वा, तेल लागू पडलं! रेल्वेला उशीर झाला. मी फलाटावर चहा पीत बसलो आणि बाहेर बोचऱ्या वाऱ्यात उभ्या मोटारसायकलीच्या नळीत एरंडेलाची काकवी होऊ लागली.

अप्पा उतरले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. देह असा, की ते मागं बसताच गाडीनं मान वर केली.

"जावईबापू, ही गाडी बरी हाय न्हवं?"

"एकदम ठणठणीत, अप्पा!"

पहिल्या चौकात डावीकडे वळायचं होतं. मी हँडल दाबलं. हँडलनं ऐकून घेतलं, विचार केला आणि आम्ही चौक ओलांडून गेल्यावर ते वळलं! समोर हॉटेलच्या बाकावर चहा पीत बसलेल्या मंडळींनी एकजात पाय वर घेतले. त्यांच्या पायांखालून आम्ही निघून गेलो.

"ह्यो जवळचा रस्ता काय हो?" अप्पांनी विचारलं.

आता हँडल सरळ व्हायला तयार नव्हतं. ते डावीकडे गेलं ते तिथंच मुक्कामाला राहिलं. आम्ही चौकात गोल फिरू लागलो. वाहतुकीचा पोलीस हात वर करून उभा होता, तो आमच्याबरोबर स्वतःभोवती फिरू लागला.

"अहो, पुन्हा त्योच पोलीस!" अप्पा ओरडले. "कितींदा प्रदक्षिणा घालताय त्याला?"

(ब्रेक का दाबला नाही, असं तुम्ही विचारणारच. हाताचा ब्रेक डॉक्टरांच्या काळापासूनच बंद होता, पायाचा चालू होता, पण दोन्ही पाय तोल सांभाळायला जमिनीवर!)

शेवटी अंगातली सारी ताकद लावून मी हँडल सरळ केलं. मग ते सरळच राहिलं. नशिबानं रस्ता भवानी पेठेचाच होता. लांबून कारखान्याचं उघडं फाटक दिसलं. दारात सिद्धारामाचे वडील हार घेऊन उभे. फाटकाच्या आत समोर दांड्यांवर वाळत घातलेलं सूत आणि सुतामागं रंगाचा हौद. फाटकाशी उजवीकडे वळून थांबायचं होतं. मी हँडल दाबलं.

अप्पांना सगळं कळून चुकलं. घाबरल्यावर ते कानडीत बोलतात, तसे 'थांबवा, थांबवा' म्हणून ओरडू लागले. "निल्लिसरी! अय्यो शिवने! निल्लिसरी!"

हार माझ्या गळ्यात पडला. वडील बाजूला उडाले. सुताच्या लडी डोळ्यांवर आल्या. मग हँडल वळलं! गाडी वळली, मी वळलो, पण अप्पा सरळ गेले.

धप्प!

हौदातला रंग थंड होता म्हणून बरं. मग पाण्यातून एक हिरवी टोपी वर आली, तिच्याखाली हिरव्या मिशा आणि टोपी-मिशांच्या मधोमध दोन पांढरेशुभ्र डोळे. ते माझ्याकडे बघत होते. मेहुणीचं लग्न मोडलं, बायको माहेरी गेली, असं सगळं मला त्या डोळ्यांत दिसलं.

तेवढ्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या एका तरुणानं हौदात उडी टाकली. अप्पांना काखेत धरून त्यानं काठाशी आणलं आणि म्हणाला, "घाबरू नका, अप्पा. पाय टेकवा की, पाणी कमरेएवढंच हाय." आणि तिथंच, हिरव्या पाण्यात, वाकून त्यानं त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. त्यात त्याचंही डोकं हिरवं झालं.

तो सिद्धाराम होता.

अप्पा काठावर बसले. कानातून रंग गळत होता. सिद्धारामाचे वडील हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, पाणी देऊ का?"

"पाणी लई झालं," अप्पा म्हणाले. "पोरगं पसंत हाय. एक जावई ढकलणारा असला, तर दुसरा काढणारा पाहिजेच की!"

लग्न थाटात झालं. अप्पांच्या कानामागचा हिरवा रंग काही गेला नव्हता, पण फोटो काळेपांढरे असल्यानं निभावलं. जावयांच्या मानपानात सिद्धारामाला अप्पांनी सोन्याची अंगठी घातली. मला एक नवी कोरी सायकल दिली आणि भर मांडवात कानाशी येऊन म्हणाले, "हिच्यात तेल न्हाय घातलं तरी चालतंय."

मी घातलं. ती सायकल सध्या कुठं आहे, ते कृपा करून विचारू नका.