करदोडा आणि नळी

१८ नोव्हेंबर. भावजयीसाठी वरण-भाताचा डबा भरून निघाले. झाकण ढिलं, त्यामुळे सौंसरहून पांढुर्ण्याला पोचेपर्यंत निम्मं वरण पिशवीत. दवाखान्यात काचेच्या पेटीत माझा भाचा होता, दिवस भरण्याआधीच आलेला, मूठभर जीव. त्याच्या बेंबीतून एक बारीक नळी मोठ्या शिरेत घातली होती. दूध अजून पचत नव्हतं, तेव्हा ती नळी हेच त्याचं जेवण आणि औषध.

त्या दिवशी माझ्या आईला बाळ बघायला आत सोडलं. बाहेर आली ती अगदी खूश. आई एवढी खूश सहसा नसते.

मागोमाग सिस्टर आल्या, हातात काळा करदोडा. "हे बाळाच्या कमरेला कोणी बांधलं?"

"म्या. पोरगं बिनाकरदोड्याचं ठेवून राहिले तुम्ही. नजर नाही लागंन?"

"आजी, नजरेचं माहीत नाही. नळी मात्र बाहेर सरकली."

दोरा बांधताना पोटावरची चिकटपट्टी सुटली होती. डॉक्टर म्हणाले, बाहेर आलेली नळी पुन्हा आत ढकलत नाहीत, जंतू सरळ रक्तात जातात. आता ती काढून हाताच्या शिरेतून नवी घालायची. टोक फार आत गेलं तर हृदयाला धोका, कमी गेलं तर हात सुजणार. आणि शीरच सापडली नाही तर नागपूर गाठायचं. तेवढ्या प्रवासात बाळ टिकेल का, हे त्यांनी सांगितलं नाही. भावानेही विचारलं नाही.

"माह्या सगळ्या पोरायले बांधला," आई पुटपुटली. "कोनाले काही झालं नाही."

"आमच्या बेंबीत नळ्या नव्हत्या, आई," मी म्हणाले.

ती पदराचं टोक चावत बाकावर बसून राहिली. मीही उगाच पिशवी पुसत होते.

शीर सापडली. एक्स-रे निघाला, टोक हवं तिथेच होतं. सिस्टरनी काचेतूनच मान हलवली.

आईने डोळे पुसले. "पाह्य, थोडा वेळ तरी बांधला होता म्हनून निभावलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरून निघण्याआधी मी आईची कनवट तपासली. दुसरा करदोडा निघाला. तो मी डब्याच्या झाकणाला करकचून बांधला. त्या दिवशी वरण सांडलं नाही.