प्रत्येक ट्रकमागे दोन विटा

बँकेची असो, शाळेची असो नाहीतर आमच्या सोसायटीच्या ऑफिसची, भिंत दिसली की आप्पा उजव्या हाताच्या मधल्या बोटाने ती आधी दोनदा ठोकायचे, कान देऊन आवाज ऐकायचे आणि मगच तिच्याजवळ उभे राहायचे. भिंत पास की नापास हे ते कधी सांगत नसत. नापास असली तर गुपचूप दोन पावलं लांब सरकत. आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले, तेव्हा बोलणं संपेपर्यंत खोलीच्या बरोबर मधोमध उभे होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. अनगोळच्या बाजूला आम्ही बारा कुटुंबांनी मिळून सोसायटी केली होती. तीन मजले, खोल्या लहान, पण पक्क्या. आमच्यात कारकून होते, दोन शिक्षक होते, एक कंपाउंडर होता. निम्म्यांच्या आईबापांनी वीटभट्टीवर चिखल तुडवून दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडल्या होत्या. माझ्या आईनेही. तिला एकदा विटांच्या घरात निवांत झोपलेली बघायचं, एवढंच मला हवं होतं. याद्या ठेवायची सवय म्हणून मला सेक्रेटरी केलं, आणि निपाणीकडच्या भट्टीवर जन्मभर विटा भाजलेले म्हणून आप्पांना वॉचमन.

मुळात तीन मजल्यांवरच त्यांचा विश्वास नव्हता. ‘माणसाच्या डोक्यावर माणूस निजणार, त्येच्या डोक्यावर आनि येक,’ ते म्हणायचे. ‘खालच्या इटंनं किती सोसायचं? तिला कुनी इचारलंय का?’

म्हणून ते स्वतःच विचारायचे. ट्रक आला की दोन विटा घेऊन एकमेकींवर आपटायच्या. खणखणल्या तर पुढची परीक्षा: नखाने ओरखडायचं, मग कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर सोडायचं. तोवर मी ट्रकचा नंबर, तारीख, विटांची संख्या आणि त्या कुठल्या भिंतीला लागणार ते वहीत टिपून चलनावर सही केलेली असे.

‘बाई, तुमी नुसतं मोजतासा,’ ते म्हणायचे. ‘ऐकत न्हाईसा.’

‘मोजलं नाही तर कमी येतील, आप्पा.’

‘आनि मोजून कच्च्या आल्या तर?’

मी मोजत होते म्हणूनच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक ट्रकमागे दोन विटा कमी भरत होत्या. मी चार दिवस पाळत ठेवली. संध्याकाळी आप्पा सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून घरी जायचे, आणि ती पिशवी हलकी नसायची. माझ्या मनाने लगेच हिशेब मांडला: म्हातारा आमच्या विटांवर स्वतःची खोली उठवतोय. समितीत बोलायच्या आधी स्वतः बघावं, म्हणून एका रविवारी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेले. मंगळवारी पहिला स्लॅब पडायचा होता.

आप्पा दारातच बसले होते. मी सरळ विचारलं, ‘आप्पा, ट्रकमागे दोन विटा कुठं जातात?’

‘लई दिस लावलासा इचारायला,’ ते म्हणाले आणि मला परसात घेऊन गेले.

कुंपणाशी विटांची रांग होती, जोडीजोडीने. प्रत्येक जोडीतली एक वीट त्यांनी कोरडी ठेवली होती. दुसरी रात्रभर घमेल्यात भिजवून परत तिच्या शेजारी ठेवली होती. पहिल्या आठ जोड्यांत दोन्ही विटा सारख्याच होत्या. नवव्या जोडीत एक वीट होती आणि शेजारी पिवळ्या चिखलाचा ढीग. दहाव्या, अकराव्या, बाराव्या जोडीतही तेच. तेराव्यापासून पुन्हा चांगल्या.

‘आपटल्यावर ह्या जरा बद्द वाजल्या हुत्या,’ आप्पा म्हणाले. ‘भट्टीच्या कडंच्या. आच न्हाई लागलेली.’

‘मग मला का नाही सांगितलं?’

‘परत्येक चलनावर सही कुनाची हाय?’

मी त्यांना चोर समजत होते आणि ते मला. रागावायचं कुणी, हे दोघांनाही सुचेना. आप्पा मंगळवारी सगळ्यांसमोर वीट पाण्यात टाकणार होते. ‘मागं येका मालकाला येकट्याला गाठून सांगितलंतं. दुसऱ्या दिशी भट्टीवर मी न्हवतो.’

विटा कच्च्या हे त्यांना ठाऊक होतं. त्या नेमक्या कुठे लागल्या हे मात्र ठाऊक नव्हतं. मी वही उघडली. नऊ ते बारा, चारही ट्रक तळमजल्याच्या मागच्या भिंतीला. वर दोन मजले पेलणारी भिंत. तिच्याच आतल्या बाजूला आईची आणि माझी खोली होती.

आप्पांनी वहीच्या पुठ्ठ्यावर बोटाने दोनदा ठोकलं. ‘कामाची हाय म्हना की.’

त्याच संध्याकाळी आम्ही त्या भिंतीतली एक वीट काढून बादलीत टाकली. सोमवारी सकाळी इंजिनिअर, ठेकेदार आणि बाराही सभासद बादलीभोवती उभे. तळाशी पिवळा चिखल. ठेकेदार म्हणाला, ‘तुमच्या पाण्यातच कायतरी असंल.’

‘मग त्यातच तुमच्या पसंतीची येक टाका की,’ आप्पा म्हणाले. ‘आमी थांबतो.’

ठेकेदाराने वीट टाकली नाही. भिंत पाडली, स्लॅब पुढे गेला. चार सह्या माझ्या होत्या, म्हणून पाडताना मी शेवटपर्यंत उभी राहिले. नव्या भिंतीची प्रत्येक वीट आप्पांनी वाजवली आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय मी टिपली नाही.

राहायला गेलो त्याच आठवड्यात एक दिवस आप्पा जेवायला आले. तळापासून वरपर्यंत सगळ्यांच्या खोल्यांतून ठोकत फिरले. माझ्या खोलीत मात्र बोट उचललं नाही. सरळ मागच्या भिंतीला पाठ लावून बसले आणि पोटभर जेवले. त्यांनी माझ्यावर टाकलेला हा एवढाच विश्वास, पण पुढे कितीतरी वर्षं मी त्याची गोष्ट लोकांना सांगत राहिले.

आप्पा वारले तेव्हा मी त्यांच्या मुलीला भेटायला गेले. तिलाही ती सांगितली. ती डोळे पुसता पुसता हसायला लागली.

‘आक्का, त्या जेवनाच्या आदल्या दिशी तुमी बाजारला गेलतासा, तवा येऊन तुमच्या समद्या भिती ठोकून गेलते की आप्पा. तुमच्या आईनंच दार उघडलंतं.’

दुपारी घरी येऊन मी आईला विचारलं.

‘व्हय, आलते,’ आई म्हणाली. ‘तुला सांगू नको म्हनालते.’ आणि त्याच भिंतीकडे तोंड करून ती झोपून गेली.